मेंढरांच्या मागं मागं: लोणंद ते महाड

गुरुवार, लोणंद

लोणंदचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार नीट बघायचा असेल तर उजाडायच्या आत पोचायला लागतं. आम्ही गेलो तेव्हा टेम्पो, पिकअप, मोटरसायकलवर दोघांच्या मधे दाबून बसवलेली कोकरं असं सगळं आत येतच होतं आणि दुसऱ्या बाजूने सौदे उरकून माल बाहेरही पडायला लागला होता. माझ्यासोबत मावसभाऊ होता, तो फलटण तालुक्यातलाच, त्याच्या रानात दरवर्षी धनगरांची मेंढरं खतासाठी रात्री बसतात, त्या ओळखीवर ही सगळी ट्रिप जमली. दिवाळी होऊन गेली होती आणि त्याच्या ओळखीचा वाडा (आठ-दहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, सगळं मिळून एक वाडा) कोकणाच्या वाटेला लागला होता, शिरवळच्या अलीकडे कुठेतरी होता. आधी बाजार बघू, मग वाडा गाठू असं ठरलं.

बाजारात आधी कान बसतात, इतका बें-बें आवाज. मग हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागते. घेणारा येतो, मेंढीच्या कमरेवर पाठीच्या कण्याच्या बाजूला बोटांनी दाबून अंगात मांस किती ते बघतो, मग जबडा धरून खालचा ओठ खाली ओढतो आणि दात मोजतो. दुधाचे दात असले तर आदत, दोन मोठे आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, हे सगळं दोन सेकंदात. मग हात कासेवर, सड दोन्ही चालू आहेत का, गाठ नाही ना. एका म्हाताऱ्या बाबांनी एक मेंढी नुसती चालवून बघितली आणि नको म्हणाले. मी विचारलं का हो, तर म्हणे "मागचा पाय टाकताना बगा की ताई, घाटात बसंल ती." मला काहीही दिसलं नव्हतं. भाव काही लोक अजून रुमालाखाली बोटं धरून ठरवतात, शेजारच्याला आकडा कळू नये म्हणून, बाकी बरेचसे आता उघडच बोलतात.

दोन प्रकारची मेंढरं बाजारात लगेच वेगळी ओळखू येतात. एक आपली दख्खनी, काळी, अंगाने लहान, लोकर राठ, पण चालायला चिवट. दुसरी माडग्याळ, जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाची, उंच, पांढऱ्यावर तपकिरी डाग, नाक पोपटासारखं बाकदार आणि अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. गर्दी सगळी माडग्याळभोवती होती. कारण सरळ आहे, पैसा आता मटणात आहे. लोकरीत काही राहिलेलं नाही. दख्खनी मेंढीची लोकर वर्षाला अर्धा किलोच्या आसपास निघते आणि कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, तरी कातरायला लागतेच नाहीतर जनावराला उन्हाचा आणि गोचिडांचा त्रास. मग कातरलेली लोकर बांधाला टाकून देतात. एकाने सांगितलं "आमच्या बापाच्या टायमाला लोकर इकून वर्साचं मीठमिरची भागायचं", आणि तो हे काही रडत सांगत नव्हता, हिशोब सांगत होता.

शुक्रवार, फलटण

आजचा दिवस फलटणला. सकाळी मावसभावाच्या एका मित्राकडे गेलो, त्याच्याकडे गोठ्यात बांधून सांभाळलेल्या मेंढ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जुळं देणाऱ्या. ही जात इथलीच, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेली, नारी सुवर्णा. त्यामागची गोष्ट मला इतकी आवडली की इथे लिहितेच. दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. बंगालमधे सुंदरबनात गरोळ नावाची एकदम बुटकी मेंढी आहे, ती दोन-दोन तीन-तीन देते, कारण तिच्यात एक विशिष्ट जनुक आहे. संस्थेने ते जनुक गरोळमधून दख्खनीत आणलं, अंगाने मेंढी दख्खनीसारखीच ठेवून, आणि एका बाजूने जरी ते जनुक आलं तरी मेंढी साधारण दोन कोकरं देते. आता पुढचं ऐका. ऑस्ट्रेलियात बुरूला म्हणून मरीनो मेंढ्यांचा एक कळप जुळ्या-तिळ्यांसाठी जगभर प्रसिद्ध होता, त्यांच्यात हे कुठून आलं याचा शोध चालू होता, 2001 च्या सुमारास कळलं की दोघींचं जनुक एकच. 1792-93 मधे कलकत्त्याहून जहाजाने बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेलेल्या होत्या, त्यांच्यामार्फतच ते तिथे पोचलं असणार असं मानतात. म्हणजे सुंदरबनच्या चिखलातली एक मेंढी एकीकडे ऑस्ट्रेलियात गेली आणि दोनशे वर्षांनी दुसरीकडे फलटणला आली!

पण फिरत्या वाड्याला जुळं परवडतं का, हा प्रश्न मी विचारला. मित्र म्हणाला की बांधून खायला घालणाऱ्याला नक्की परवडतं, चालणाऱ्याचा हिशोब वेगळा, आई रोज दहा-बारा किलोमीटर चालणार, वाटेत मिळेल ते खाणार, तिच्या अंगात दोघांपुरतं दूध पाहिजे आणि दोन्ही कोकरं घोड्यावर घ्यायला जागा पाहिजे. मला हे उत्तर फार आवडलं कारण "सुधारित जात आली की सगळ्यांचं भलं" असं आपण पटकन बोलून जातो.

दुपारी उन्हात त्याच्या ओसरीवर बसून आम्ही पावसाचा विषय काढला. हा सगळा पट्टा, फलटण, माण, खटाव, बारामतीचा जिरायती भाग, पर्जन्यछायेचा. सह्याद्रीने ढग अडवले की पलीकडे वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर किंवा त्याच्याही खाली. शेती एका पावसावर, नुसत्या ज्वारी-बाजरीवर घर चालवायचं म्हणजे जुगारच, मग मेंढरू. हे आजचं नाही. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केलं त्यात इसवी सनपूर्व साधारण 1600 ते 700 मधली शेतकऱ्यांची वस्ती सापडली, आणि शेवटच्या टप्प्यात, म्हणजे इसवी सनपूर्व 1000 नंतर, हवा कोरडी होत गेली तशी मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोकांचा भर शेतीवरून शेळ्यामेंढ्यांवर गेला असं तिथल्या अभ्यासकांनी मांडलंय. तीन हजार वर्षं झाली, पाऊस कमी झाला की माणूस मेंढराकडे वळतो, आणि मग मेंढराला चारा लागतो म्हणून माणूस चालायला लागतो.

निघताना मित्राच्या आईने एक जुनं घोंगडं दाखवलं, काळंकुट्ट, चिंचोक्याची खळ लावलेलं, हाताला खरखरीत. थंडीत पांघरायला, पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला, जेवताना अंथरायला, देवाच्या पुढे घडी करून ठेवायला, सगळ्याला तेच. आता गावात विणणारं कोणी राहिलेलं नाही.

शनिवार, शिरवळ

वाडा शिरवळच्या अलीकडे एका पडीक रानात उतरला होता. आम्ही पोचलो तर पहाटेची गडबड. बायकांनी तोवर चुली मोडून, भाकरी बांधून, घोड्यांवर बिऱ्हाड चढवायला घेतलं होतं. घोड्याच्या पाठीवर आधी गोणपाट आणि घोंगडी, त्यावर भांडी, पिठाची गोणी, पाण्याचे ड्रम, वाघर (रात्री मेंढरं कोंडायची जाळी), वर कोंबड्या पाय बांधून, त्याच्या वर एक कुत्र्याचं पिल्लू आणि बाजूच्या जाळीत चार दिवसांची कोकरं, डोकी बाहेर काढून. एका घोड्यावर सगळ्यात वर दीड-दोन वर्षांची मुलगी बसवली, दोरीने हलकेच बांधून, आणि ती झोपलेली! एकेक दोरीची गाठ मी बघत उभी राहिले, कुठे ओझं एका बाजूला झुकायला नको, नाहीतर घोड्याची पाठ सोलते. हे सगळं काम बायकांचं, गडी माणसं मेंढरं घेऊन रानारानाने चरत चरत जाणार, बायका घोडी घेऊन रस्त्याने पुढे जाणार आणि मुक्कामाला पोचून पाणी, सरपण, चूल, लहान कोकरांचा खुराडा सगळं त्यांनी यायच्या आत उभं करणार.

कारभारी म्हणजे वाड्याचा म्होरक्या, साठीचा माणूस, सगळे त्यांना तात्या म्हणतात. कुठल्या रानात बसायचं, शेतकऱ्याशी काय बोलायचं, कुठल्या गावात गेल्या वर्षी भांडण झालं होतं म्हणून यंदा ते गाव टाळायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही.

मग हायवे. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरवळला आडवा येतो, आणि मेंढरांना पलीकडे भोरच्या बाजूला जायचं असतं. तात्यांनी पहाटेच पुलाखालची वाट गाठायचं ठरवलं होतं, ट्रकची गर्दी व्हायच्या आत. आधी एक शेळी, मग तिच्या मागे दोन-चार म्हाताऱ्या मेंढ्या, मग सगळा काळा-पांढरा लोंढा. पुलाखाली आवाज घुमतो त्याला मेंढरं बुजतात, वर ट्रकचा धडधडाट, एकदा मधली वीस-पंचवीस मेंढरं उलटी फिरली तेव्हा पोरांनी तोंडाने "हुर्र हुर्र" करत आणि काठी आडवी धरून त्यांना परत वळवलं, काठी अंगाला लावली नाही. सर्व्हिस रोडवर एक कारवाला सारखा हॉर्न मारत होता. त्याला मी काच वाजवून सांगितलं की दादा दोन मिनिटं, हॉर्नने ती फुटतात आणि मग अर्धा तास जातो. गाडी बंद करून उभं राहिलं तर कळप दोन-तीन मिनिटांत पास होतो, आम्ही घड्याळ लावून बघितलं.

तात्या म्हणाले पूर्वी इथे सगळं मोकळं रान होतं, वाडा आठ-आठ दिवस बसायचा. आता कंपन्यांची कंपाउंडं, प्लॉटिंगच्या तारा, एनए झालेल्या जमिनी, त्यामुळे दोन मुक्काम कमी झाले, म्हणजे तेवढं अंतर एका दमात चालायचं. कोकरं आणि गाभण मेंढ्या यात दमतात. मला स्पेन आठवलं. तिथे 1273 मधे राजाने मेंढपाळांच्या संघाला, मेस्ताला, सनद दिली आणि कळपांच्या मोठ्या वाटा 90 वारा (तिथलं जुनं माप) रुंद, म्हणजे आजच्या हिशोबाने साधारण 75 मीटर, राखून ठेवल्या. मेस्ता 1836 मधे संपली पण वाटा राहिल्या, 1995 च्या कायद्याने त्या आजही सार्वजनिक मालकीच्या आहेत, आणि 1994 पासून दर ऑक्टोबरमधे माद्रिदच्या भर रस्त्यातून मेंढरांचा कळप नेतात, तो हक्क लोकांच्या डोळ्यासमोर राहावा म्हणून. मेस्ता श्रीमंत आणि दांडगी होती, तिचे शेतकऱ्यांशी तंटे चालायचे, ते सगळं मान्य. तरी वाट कागदावर आहे ही गोष्ट मोठी. आपल्याकडे पालखीमार्गाचं नकाशात नाव आहे, रुंदीकरण आहे, मेंढरांची वाट मात्र तात्यांच्या डोक्यात, आणि तात्यांची दोन्ही नातवंडं गावी आजोळी शाळेत. ती वाट कोणीतरी लिहून घ्यायला पाहिजे असं मला फार वाटतं, आणि तहसील कचेरीच्या नकाशावर आली तर अजून चांगलं.

रविवार, भोरकडे

आज मी बायकांबरोबर घोड्यांसोबत चालले. आजी (तात्यांची बायको) साठीला टेकलेल्या असतील, अनवाणी, आणि माझ्या पुढेच. रस्त्याने एसटी गेली की आतले लोक फोटो काढतात, त्यांना ते आवडत नाही. "फोटू काडत्यात, पर पानी कुनी इचारत न्हाय."

संध्याकाळी मुक्कामावर जे बघितलं त्यासाठी ही ट्रिप करावी. लहान कोकरं दिवसभर वाड्यावरच असतात, वेगळ्या जाळीत, आया चरायला गेलेल्या. दिवस मावळायला कळप दूरवर दिसला आणि जाळीतली सगळी कोकरं एकदम ओरडायला लागली, तिकडून आया ओरडायला लागल्या, आणि आजींनी जाळी उचलली. पुढची पाच मिनिटं नुसता गोंधळ. कोकरू धावत येतं, एका मेंढीच्या खाली घुसतं, ती मान वळवून शेपटीजवळ हुंगते आणि आपलं नसेल तर डोक्याने ढकलून देते, ते दुसरीकडे पळतं, आणि मग कुठेतरी जोडी जुळली की कोकरू गुडघे टेकून कासेला धडका देत प्यायला लागतं आणि शेपूट इतकी जोरात हलते की बघत राहावं. हळूहळू ओरडा कमी होत जातो. शेवटी दोन-तीन कोकरं उरतात. एकाची आई शिरवळच्या आधीच गेली होती, आजींनी त्याच्यासाठी एक मेंढी धरली, जिचं कोकरू मेलं होतं. मेंढीची मान स्वतःच्या मांडीत दाबली, मागचा एक पाय हातात, आणि सुनेने कोकराचं तोंड सडाला लावलं. मेंढी दोनदा उसळली. मग उभी राहिली. आजी म्हणाल्या चार-पाच दिवस असं धरायला लागतं, मग त्याच्या अंगाला तिच्या दुधाचा वास येतो, मग तीच बोलावते.

शंभर-दीडशे कोकरांतलं कुठलं कुणाचं हे आजींना सगळं पाठ. मी खूण विचारली तर त्यांना प्रश्नच कळला नाही, "तोंडावरनं की" म्हणाल्या.

रात्री वाघरीत मेंढरं, भोवती कुत्री, आणि गडी माणसं वाघरीच्या कडेला घोंगड्यात. देशावर लांडग्याचं भय, घाटात आणि खाली बिबट्याचं. जेवणं झाल्यावर तात्यांनी बिरोबाची ओवी म्हटली, सुंबरानपासून (देवाच्या स्मरणापासून) सुरुवात करून, ढोल नव्हता तरी. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा, सगळे मेंढरांतले देव. खंडोबाची दुसरी बायको बाणाई धनगराचीच, आणि तिच्यासाठी देवाने मेंढरं राखायची चाकरी केली ही कथा इथे सगळ्यांना तोंडपाठ, पोरांनाही. आणि ज्यांचं नाव सगळे घेतात ते मल्हारराव होळकर, नीरेकाठच्या होळचे, त्यांचंही लहानपण मेंढरांमागेच गेलं असं सांगतात.

मधले दिवस मला ऑफिस होतं, मी पुण्याला परत आले. तात्यांचा मुलगा फोनवर मुक्काम सांगत राहिला.

शुक्रवार, वरंध घाट

काल भोरहून एसटीने हिर्डोशीच्या पुढे आले. नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेने रस्ता जातो, डावी-उजवीकडे भाताची खाचरं कापून झालेली, इंद्रायणी आणि आंबेमोहोरचा पेंढा रचलेला. घाटमाथ्यावर वाडा सापडला. थंडी चांगलीच.

घाट उतरायला आज पहाटे पाचला सुरुवात केली. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मेंढरं कड्याच्या बाजूने ठेवायची, माणसं दरीच्या बाजूने, पुढे एक, मागे एक टॉर्च घेऊन, वळणावर एक पोरगा आधीच जाऊन गाड्या थांबवणार. वाघजाईच्या देवळापाशी थांबून नारळ फोडला, भजीची टपरी उघडायची होती पण चहा मिळाला. लंगडणाऱ्या मेंढ्या तीन होत्या, खुरात खडे रुतलेले, तात्यांनी सुरीच्या टोकाने काढले आणि हळद-तेल लावलं. लोणंदच्या बाजारातले ते मागचा पाय बघणारे बाबा मला इथे नीट समजले.

खाली माझेरीला उतरेपर्यंत ऊन आलं आणि हवाच बदलली, दमट, उबदार. मेंढरांनी लगेच गवतात तोंडं घातली.

शनिवार, बिरवाडीच्या पुढे

सकाळी खालच्या गावातला एक शेतकरी स्वतः बाइकवर आला. गेल्या वर्षी त्याच्या शेजाऱ्याच्या खाचरात वाडा तीन रात्री बसला होता आणि यंदा त्या खाचरातलं भात शेजारच्यापेक्षा हिरवंगार आणि भरलेलं आलं, म्हणून आता याला पाहिजे. मेंढरं रात्री जिथे बसतात तिथे लेंडी तर पडतेच, मूतही थेट मातीत मुरतं, वाहतूक नाही, उकिरडा नाही, पसरायची मजुरी नाही. लेंडी सावकाश कुजते त्यामुळे पुढच्या वर्षीही गुण राहतो असं तो शेतकरी सांगत होता. कोकणात घरची गुरं कमी झाली, शेणखत मिळेना, पोरं मुंबईला, मग खताची एकच सोय उरली ती ही चालत येणारी.

सौदा बघायला मी बांधावर बसले. आधी चहा, मग घरच्यांची चौकशी, मग कोणती खाचरं मोकळी आणि कोणत्यात वाल पेरलाय ते चालून दाखवलं. वालाचं खाचर महत्त्वाचं, भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकतात, त्यात एक मेंढरू शिरलं तरी गावभर बोलणं होतं, म्हणून तात्यांनी त्या बाजूला वाघर आणि दोन पोरं ठेवायचं कबूल केलं. मग रात्री किती, तर चार. मोबदला थोडा तांदूळ, थोडे रोख. पूर्वी सगळं धान्यातच असायचं, आजींना अजून तांदूळच बरा वाटतो, "पैका पोरं खरचत्यात, तांदूळ चुलीवर येतो." शेतकऱ्याने एक रात्र वाढवून मागितली, तात्या नको म्हणाले, खाचरातला पाला तेवढा नाही, मेंढरं उपाशी बसतील. शेवटी चार रात्री आणि पाचव्या दिवशी त्याच्या भावाचं वरचं खाचर, असं ठरलं.

व्यापारीही दुपारी आला, तीन-चार महिन्यांचे नर बघायला. वाड्याचा खरा पैसा हाच, माद्या ठेवायच्या, नर विकायचे. सात नर गेले. सुनेने त्यातल्या एकाला आधी भाकरीचा तुकडा दिला आणि मग दोरी व्यापाऱ्याच्या हातात दिली.

वाडा आता जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत महाड-माणगावच्या बाजूला फिरणार, मग उलटी वाट, आणि मृगाच्या आत घाट चढून देशावर. कोकणच्या पावसात मेंढरांचे खूर सडतात, थांबून चालत नाही. मी तात्यांना विचारलं की मुक्कामांची यादी मी लिहून घेऊ का, गावाच्या नावासकट, कोणाचं रान, पाणी कुठे, कोणत्या महिन्यात. ते आधी हसले, मग मुलाला हाक मारली आणि दोघांनी लोणंदपासून सांगायला सुरुवात केली. शिरवळपर्यंतच दीड पान झालं, त्यातही दोन जागांवर बापलेकांचं जमेना, एक म्हणे विहिरीच्या अलीकडे, दुसरा म्हणे पलीकडे. महाडची एसटी साडेपाचला होती, भोरच्या पुढचं आता फोनवर घेणार आहोत.